आधी वाच, मग हस

बाय,

काल रायबंदरच्या धक्क्यावर तू विचारलंस, "सर, मी नेमकी कुणाच्या बाजूची?" फिनॉमेनॉलॉजी (गोष्टी अनुभवात कशा येतात ते बघणारी) की विश्लेषक तत्त्वज्ञान (भाषा आणि तर्क उलगडणारं), प्रबंधाच्या आराखड्यात एकच काय ते लिही, असं तुझे मार्गदर्शक म्हणतात. तेवढ्यात फेरीबोट लागली आणि मी सुटलो. रात्री मात्र झोप आली नाही.

माझ्या एका शिक्षकांनी वर्गात फिनॉमेनॉलॉजीवाल्या हायडेगरचं एक वाक्य सांगितलं होतं, 'शून्य शून्यवतं'. विश्लेषक गोटातल्या कारनॅपने १९३२ साली ते चिमटीत धरून निरर्थक ठरवलं. वर्ग हसला, मीही हसलो. पुढे वीस वर्षं त्याच वाक्यावर मी माझे वर्ग हसवले. ते ज्यात आहे ते १९२९चं व्याख्यान उघडलं साठी उलटल्यावर! एका बैठकीत संपतं गं. भीती कशाची तरी असते. तिथे ज्या घोराबद्दल तो बोलतो तो कशाचाच नसतो. मला पटलं नाही, अजून पटत नाही. पण तेव्हाचं हसणं उसनं होतं. आधी वाच, मग हस.

आणि हा कारनॅप स्वतः फ्रायबुर्गला फिनॉमेनॉलॉजीचा जनक हुसर्ल याच्या सेमिनारमध्ये बसून आलेला होता. हे कुणी सांगितलं तुला?

विश्लेषकांचा मूळपुरुष फ्रेगे, त्याने १८९४ साली हुसर्लचं अंकगणितावरचं पुस्तक परीक्षणात सोलून काढलं, म्हणून हुसर्ल मानसवाद (तर्क-गणिताचे नियम म्हणजे मनाचेच नियम, हा समज) सोडून ताळ्यावर आला, ही गोष्टही मी बिनदिक्कत शिकवली. कटकचे तत्त्वज्ञ जितेंद्रनाथ मोहंती यांनी जुने कागद तपासून दाखवलं की हुसर्लची वाट १८९१ सालीच वळू लागली होती. त्याच वर्षी त्याची आणि फ्रेगेची पत्रं चालू होती! प्रश्नही एकच: एक वस्तू दोन तऱ्हांनी हाती कशी येते? फ्रेगेचे पहाटतारा आणि सांजतारा (दोन्ही शुक्रच), हुसर्लचे येनाचा विजेता आणि वॉटर्लूचा पराभूत (दोन्ही नेपोलियनच).

धक्क्यावर उभी राहून बघ. चोडणहून येणाऱ्या बोटीचा तुला फक्त समोरचा रॅम्प दिसतो, तरी तू बोट बघतेस, रॅम्प नव्हे. हे कसं, ते हुसर्लला विचार. 'चोडणहून सुटलेली' आणि 'रायबंदरला लागलेली' ही एकच बोट, हे कळायला काय लागतं, ते फ्रेगेला विचार. यात बाजू कुठली घेणार आहेस तू?

आराखड्याचा असाच हट्ट माझ्याही वेळी झाला होता. मी तिरमिरीत प्रबंधच टाकला. लोक म्हणाले, आळशी. आळस नव्हता तो, तत्त्व होतं. बरं, थोडा आळसही होता. तू टाकू नकोस. एकच नाव घालायचं तर घाल. कागदावर काहीही असो, वाचायचं दोघांनाही. मूळातून. माझ्या टिपणांवरून नव्हे, मार्गदर्शकांच्या तर नाहीच नाही.

रविवारी ये. फ्रेगेच्या १८९१च्या पत्रात एक छोटी आकृती आहे, ती स्वतः काढून आण. न वाचता आलीस तर माशाचं हुमण मिळणार नाही, नुसतं शीत, कोरडा भात.

— सर