ग्राहकांची कागदपत्रं घेताना

रामबागेत टॅक्सचं ऑफिस टाकतो आहेस, तर पहिल्या दिवसापासून एक पथ्य पाळ. पॅन, आधार, बँक स्टेटमेंट व्हॉट्सॲपवर घेऊ नकोस. ती फाइल तुझ्या गॅलरीत, बॅकअपमध्ये, हाताखालच्या मुलाच्या फोनमध्ये पसरत जाते आणि नंतर सगळीकडून पुसता येत नाही.

ड्रॉपबॉक्स या ऑनलाइन साठवणीची 'फाइल रिक्वेस्ट' वापर, किंवा स्वतःचा सर्व्हर असेल तर त्यावर चालणाऱ्या नेक्स्टक्लाउडचा 'फाइल ड्रॉप'. तू लिंक पाठवायची, ग्राहकाने तिथे फाइल टाकायची. दोन्हींत ग्राहकाला खातं काढावं लागत नाही. तो फाइल टाकू शकतो, आतल्या फाइली पाहू शकत नाही. गूगल फॉर्मवर फाइल चढवायला मात्र गूगलचं लॉगिन लागतं, आणि राजवाड्याजवळचे आपले साठीतले दुकानदार तिथेच अडतात.

खरी चूक पुढेच होते. सगळ्यांना एकच फोल्डर, तोही लिंक मिळेल त्या कोणालाही उघडेल असा. माझ्याकडे एका काकूंना दुसऱ्याच घरचा फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, दिसला होता. त्यांचा फोन आला आणि मला दरदरून घाम फुटला. तेव्हापासून दर ग्राहकाला वेगळी लिंक, तिला मुदत, आणि ऑफिसच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड.

ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. नाव-वय माहीत असलेला कोणीही ती फाइल उघडेल, म्हणून शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार माग.

रिटर्न भरलं की त्याच आठवड्यात अपलोडचा फोल्डर रिकामा कर. ठेवायचं तेवढंच एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या डिस्कवर ठेव.