'नको' म्हटलेलं ऐकू येतं, मनू

प्रिय मनू,

परवा तुझी मैत्रीण जेवून गेल्यावर मशीनमध्ये ताटल्या लावता लावता तू विचारलंस, "बाबा, ती नको म्हणाली होती ना? आपल्याकडे नको म्हटलेलं कुणाला ऐकू येत नाही का?" तू चिडून विचारलं नव्हतंस, तुला खरंच समजून घ्यायचं होतं, म्हणून ते जास्त लागलं. तेव्हाच बोललो असतो तर बाजू मांडल्यासारखं झालं असतं आणि तू "बरं" म्हणून खोलीत गेली असतीस. त्यापेक्षा लिहितो. सावकाश वाच, अडेल तिथे आईला विचार. उत्तर द्यायलाच हवं असं काही नाही.

मुगाची खिचडी, कढी आणि पापड होते. तिने पहिल्यांदा वाढलेली खिचडी आवडीने खाल्ली. मी पातेलं पुन्हा नेलं तेव्हा "नाईन, डांके" म्हणाली, जर्मनमध्ये सरळ "नको, थँक्यू". मी तरी अर्धा डाव वाढलाच, वर तुपाची धार सोडली. ती खिचडी तशीच राहिली. मी ज्या घरात वाढलो तिथे याला वाढणं म्हणायचे. पातेलं घेऊन आलेल्या माणसाने एकदा विचारून निघून जायचं, हे तिथे कुणाला सुचलंच नसतं.

मोठ्या आईला तू फक्त फोटोत पाहिलंयस. साताऱ्याच्या घरी माजघरात पंगत बसायची आणि भात वाढायला तीच यायची. पाहुणा पहिल्यांदा "नको" म्हणणार हे धरलेलंच असे, लगेच "हो" म्हणणं हावरटपणाचं. त्यामुळे ती माणसाच्या तोंडाकडे बघायचीच नाही, हाताकडे बघायची. ताटावर एकच हात आडवा आला आणि बोटं फाकलेली असली तर वाढायचं. दोन्ही हात ताटावर आले आणि माणूस पुढे वाकला तर आग्रह थांबवून पुढच्या पानाकडे वळायचं. ताई आत्या नवीनच वाढायला लागली तेव्हा मोठी आई तिच्या मागून दबक्या आवाजात सांगायची, "हात बघ गं, हात बघ." हे मी ऐकलेलं आहे. म्हणजे ऐकू येत नव्हतं असं नाही, मनू. फार बारकाईने ऐकलं जायचं. फक्त दोघांनाही ती खूण माहीत असावी लागायची, आणि तुझ्या मैत्रिणीला ती माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं.

ही रीत कुठून आली ते मोठ्या आईने कधी समजावलं नाही, पण ती 1972 च्या दुष्काळाबद्दल बोलायची. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. विहिरी आटल्या होत्या, शेतकरी माणसं सरकारी कामांवर खडी फोडायला जात होती, तिथे सुकडी वाटली जायची. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी कशी व्हायची हे सांगताना मोठ्या आईचा चेहरा अजून बदलायचा. त्या वर्षी गावाकडून कुणीही आलं तरी दारातच सांगायचं, "जेवून आलोय." ती म्हणायची, जो जेवून आलोय म्हणाला तो हमखास उपाशी असायचा, कारण आपल्या घरात काय आहे ते त्यालाही माहीत होतं. त्याला मान खाली न घालता जेवता यावं म्हणून तिने हट्टाने बसवायचं आणि त्याने तिच्यावर उपकार केल्यासारखं बसायचं. मला आग्रह म्हटला की हे आठवतं. मागायची लाज वाटणाऱ्या माणसाला मागावं लागू नये, एवढ्यासाठी तो होता असं मला वाटतं.

आणि ही रीत तुझ्यातही आली होती. तू बालवाडीत असताना एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होतीस. तिच्या आईने केक पुढे केला, तू आमच्याकडे बघून शिकलेलं "नको" म्हणालीस, आणि त्या बाईंनी तुझ्या शब्दाला मान देऊन ताटली पुढे नेली. घरी येताना ट्राममध्ये तू रडलीस. "परत विचारलंच नाही," म्हणालीस. त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. पण त्या दिवशी मला दोन्हीकडचं एकदम दिसलं होतं.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसतं कौतुक होईल.

नाना मधुमेही होते, रोज इन्सुलिन घ्यायचे. लग्नाच्या पंगतीत जिलबीची परात फिरायला लागली की सगळे त्यांच्यामागे लागायचे, "एका दिवसाने काय होतंय!" नाना दोन्ही हात ताटावर धरायचे, वाकायचे, तरी बोटांच्या फटीतून जिलबी पानात पडायची. पानात टाकायचं नाही ही शिस्त, म्हणून ते खायचे. तिथे कुणी हात बघत नव्हतं. प्रेम होतं, पण नानांच्या प्रकृतीपेक्षा वाढणाऱ्याची हौस मोठी झाली होती.

आणि दुसरी गोष्ट मला कळायला फार वर्षं गेली. सगळ्यांना आग्रह करणाऱ्या मोठ्या आईला, काकूला, माझ्या आईला आग्रह कोण करायचं? बायकांची पंगत शेवटी. तोवर कढी तळाला गेलेली, पापड संपलेले. त्या स्वयंपाकघरात एकमेकींना वाढून घ्यायच्या, गप्पाही रंगायच्या, त्या दुःखी होत्या असं मी म्हणणार नाही. पण आम्ही पुरुष तेव्हा बाहेर पान खात बसलेले असायचो आणि पातेलं घेऊन आत कुणी जायचं नाही. आपल्या घरात मी स्वयंपाक करतो, आईला आधी बसवतो, त्याचं मूळ तिथे आहे. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगितलं.

या सगळ्यात आग्रह लागायचाच नाही असा एकच खाऊ होता, भट्टीवरची नानकटाई. आमच्या घरात ओव्हन नव्हता, ओळखीच्या कुणाच्याच घरात नव्हता. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात मोठी आई परातीत वनस्पती तूप आणि पिठीसाखर घेऊन बसायची आणि तळहाताने फेसत राहायची, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. मध्येच वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बघायची. तरंगला की झालं. मग मैदा, रवा, थोडं बेसन, वेलदोडा. आम्ही पोरं गोळे वळायचो, वर चारोळीचा एकेक दाणा दाबायचो. काका ते सगळं डब्यांत भरून बेकरीत न्यायचा आणि मी मागून सायकल धरून चालायचो.

बेकरीवाला पावाचा घाणा काढल्यावर भट्टीत जी धग उरे तिच्यावर लोकांचे पत्रे लावायचा. प्रत्येक पत्र्यावर कुणाचा ते लिहिलेली चिठ्ठी. लांब दांड्याच्या फळीने तो पत्रा आत सरकवायचा, आणि थोड्या वेळाने दार उघडलं की नाकात एकदम झोंबणारा वास यायचा, अमोनियाचा, आणि त्याच्या पाठोपाठ तुपाचा. परवा डिसेंबरच्या बेकिंगसाठी आपण हिर्शहॉर्नझाल्ट्सची पुडी आणली ना, लेबकूखनसाठी, इथल्या नाताळच्या मसालेदार बिस्किटांसाठी? तू पुडी फोडलीस आणि तोंड वाकडं केलंस. मी तिथेच थांबलो होतो, कारण बेकरीवाले बिस्किटांत टाकतात तो अमोनिया म्हणजे हीच पावडर. इथल्या आज्याही पिढ्यान्‌पिढ्या ती वापरत आल्या आहेत. तुझी व्हॅनिलेकिप्फर्लची बिस्किटं तोंडात विरघळतात तेव्हाही मला भट्टीच आठवते, मग त्यात बदाम का असेनात.

घरी आल्यावर कागद घातलेल्या डालड्याच्या डब्यात नानकटाई भरली जायची. फुटलेल्या आमच्या. शेजारी ताटल्या जायच्या, त्या ताटल्या रिकाम्या परत यायच्या नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी असायची. डबा मात्र फडताळात खालच्या फळीवर असे, आमचा हात पोचेल असा. कोण किती घेतंय हे मोठी आई मोजायची नाही. आग्रह करणारी तीच, आणि डबा खाली ठेवणारीही तीच.

म्हणून मी काय करणार ते सांगतो. तुझे मित्रमैत्रिणी येतील तेव्हा पातेलं टेबलाच्या मधे ठेवीन, डाव त्यांच्या बाजूला. एकदा विचारीन, मग गप्प बसेन. तुला आणि आईला मात्र दुसऱ्यांदा विचारणार. ते मला सोडवत नाही. तुला त्याचा जाच होत असेल तर सांग, मी वाईट वाटून घेणार नाही. आणि पुढे तू तुझ्या घरी कसं वाढशील ते तू ठरव, मी त्यात पडणार नाही.

राहता राहिली नानकटाई. शाळेच्या बेकसेलसाठी प्रमाण मागितलं होतंस ना, घे: मैदा म्हणून इथलं 405 नंबरचं पीठ 200 ग्रॅम, रवा 50, बेसन 50, पिठीसाखर 150, साजूक तूप 150. अडीचशे ग्रॅम लोण्याच्या वडीचं साधारण दोनशे ग्रॅम तूप निघतं, तेव्हा एक वडी पुरेल, उरेल ते खिचडीला. तूप पातळ नको, थिजलेलं घे. अर्धा चमचा बेकिंग पावडर, वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ. अमोनिया नको, घरच्या ओव्हनला त्याची गरज नाही. गोळे फुलतात, अंतर ठेव. 160 अंशावर अठरा-वीस मिनिटं, वरून पांढऱ्याच राहिल्या पाहिजेत. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, कच्च्या राहिल्या समजून परत आत ढकलू नकोस. ट्रेवरच गार होऊ दे, मग उचल.

तुझा,
बाबा