पोर्तुगीज इंडियाची (म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या गोवा, दमण, दीवची) पोस्टाची तिकिटं जमवायची आहेत? मग हे वाच

मस्त विषय निवडलास, फक्त 1871 च्या पहिल्या तिकिटांपासून सुरुवात करू नकोस बाबा, ती गोव्यातच छापलेली, प्रिंटिंग ओबडधोबड, उपप्रकार ढीगभर आणि नकली माल बाजारात भरपूर, नवख्याचे पैसे तिथेच बुडतात. त्यापेक्षा 1898 ची वास्को द गामाची सीरिज घे, तो कालिकतला उतरला त्याला 400 वर्षं झाली म्हणून काढलेली, दिसायला फार देखणी. मग 1910 ला पोर्तुगालात राजेशाही गेली, त्यानंतर राजाच्याच तिकिटांवर 'रिपब्लिका' (म्हणजे प्रजासत्ताक) असा शिक्का छापून वापरली, ती बघ, हातात घेतलं की इतिहास कळतो. 1959 ला रुपये-टांगा हे तिथलं जुनं चलन जाऊन एस्कुडो हे पोर्तुगीज चलन आलं तेव्हाही जुन्या तिकिटांवर नवी किंमत छापली, त्यापासून सुरुवात केलीस तरी चालेल.

आणि तिकीट लावलेलं पत्राचं जुनं पाकीट मिळालं तर तिकीट सोडवायला अजिबात पाण्यात टाकू नकोस!! म्हापसा, मडगाव, दमण, दीव असा पोस्टाचा शिक्का स्पष्ट असेल तर अख्खं पाकीटच ठेव, माझ्या मते खरी मजा त्यातच आहे. तिकीट चिमट्यानेच उचल, आणि पावसाळ्यात अल्बम आडवा रचून ठेवू नकोस, उभा ठेव, नाहीतर दमटपणाने डिंक चिकटतो.