वाचकांचे प्रश्न : नववीतल्या मुलाचा मोकळा वेळ

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकतो. शाळा सुटून बसने गावी पोहोचेपर्यंत सहा वाजतात आणि त्यानंतर गणिताची व कन्नडची शिकवणी असते. उरलेला वेळ तो मोबाईलवर घालवतो, रविवारी दिवसभर क्रिकेट असते आणि दिवाळीत तर किल्ल्याच्या नादात पुस्तकाला हात लावत नाही. पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावीची परीक्षा आहे. हा वेळ सत्कारणी कसा लावावा?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : आपण कळवलेला दिनक्रम पाहता मुलाला मोकळा वेळ मिळतो तो रात्रीच, आणि तेव्हा मैदानावर अंधार असल्याने मोबाईलखेरीज त्याला दुसरा विरंगुळा नसतो. त्यामुळे मोबाईलला दोष देण्यापूर्वी शिकवण्यांचा विचार व्हावा. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल सुचवते. ती एका रविवारी भरून निघत नाही.

गणिताची शिकवणी गरजेची असेल तर राहू द्यावी. कन्नडच्या शिकवणीचे दिवस मात्र कमी करता येतील, कारण पाठांतराने पेपर सुटला तरी बोलण्याची भीड मोडते ती कन्नड बोलणाऱ्या मुलांबरोबर खेळतानाच. शिवाय ग्रामपंचायतीच्या वाचनालयात मुलांना विनामूल्य सभासद होता येते. तेथे कन्नड पुस्तके सहज मिळतील.

किल्ल्याबद्दलची आपली तक्रार मात्र मला पटली नाही. राजगड उभारायचा म्हटले की पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या बालेकिल्ल्याभोवती नेमक्या दिशांना बसवण्यासाठी मुलांना नकाशा वाचावा लागतो, दगडगोट्यांवर ओली पोती पसरून चिखल लिंपावा लागतो, वर्गणीचा हिशेब ठेवावा लागतो आणि हळीव कधी पेरायचा हेही ठरवावे लागते. (तो उशिरा पेरला, तर ऐन दिवाळीत किल्ला बोडका दिसतो.) एवढे काम मुले कोणी न सांगता, भांडत आणि समेट करत पार पाडतात, तेव्हा तो वेळ वाया गेला असे कसे म्हणावे?

जाता जाता एक नोंदवतो. मोकळ्या वेळाविषयीची अशी पत्रे बहुधा मुलांबद्दलच येतात. मुलींचा तो वेळ पाणी, भांडी आणि धाकट्या भावंडांमध्ये आधीच संपलेला असतो. आपल्या घरी मुलगी असेल, तर तिचाही दिनक्रम एकदा कागदावर मांडून पाहावा.

मोबाईलचा नियम मुलाशी बोलून ठरवावा. या वयात 8 ते 10 तासांची झोप लागते, म्हणून रात्री ठरलेल्या वेळेनंतर घरातले सर्वच फोन, आपलाही, एका ठिकाणी ठेवावेत. यंदा किल्ला निर्धास्तपणे करू द्यावा. दहावीच्या वर्षीही दिवाळीनंतर परीक्षेपर्यंत काही महिने हाती असतात, तेव्हा पुढच्या वर्षी किल्ल्याचा आकार लहान ठेवला तरी पुरेल.