मुंबई पाण्यावरून बघायची तर यॉट नको, लाँच धरा

ताई, डिसेंबरात सोमवार ते बुधवार नागपूरहून येताय, सोबत गुडघे दुखणारी आई आणि दहा वर्षांचा मुलगा आहे, आणि मुंबई व आसपासचा भाग बोटीने बघायला गेटवेवरून यॉट भाड्याने घ्यावी का, असं विचारलंत. घेऊ नका. तासाभराच्या त्या फेरीत ताज, गेटवे आणि नांगरून पडलेली जहाजं दिसतात, आणि हे सगळं घारापुरीच्या साध्या लाँचमधूनही दिसतं. फोटो काढून परतायचं असेल तर यॉट ठीक आहे. बंदर बघायचं असेल तर ज्या बोटींतून इथली माणसं कामाधंद्याला जातात त्यांत बसा.

हॉटेलच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. नागपूरकरांना हे नवीन वाटेल, पण इथे लाँच कुठे लागते, किती उतरावं लागतं, सुटते की नाही, हे पाणी ठरवतं. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. तुमच्या तारखा पंचांगात पाहिल्या. सोमवारी मार्गशीर्ष वद्य चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नवाच्या आसपास पूर्ण ओहोटी. पुढे रोज पाऊण तास उशीर. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली असल्याने भरती मोठी आणि ओहोटीही खोल. हा अंदाज झाला, नेमकी वेळ मोबाइलवर भरतीच्या तक्त्यात मिळेल.

सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, तेव्हा तो दिवस गोल फेरीला द्या. आईंना त्या दिवशी विश्रांती, तुम्ही आणि मुलगा दोघंच निघा. सकाळी गेटवेवरून अलिबागच्या बाजूच्या मांडव्याची कॅटामरान (जोडतळाची बोट) पकडा, तास-सव्वा तासात पोचवते. तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस असते, पण तुम्ही तीत न बसता रिक्षा करून रेवसला जा. रेवसच्या धक्क्यावरून धरमतरची खाडी ओलांडून करंजाला लाँच जाते. ही छोटी फेरी मला सगळ्यात आवडते. मोटरसायकली, दुधाचे कॅन, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका आणि शाळेची पोरं एकाच लाँचमध्ये असतात, आणि समोर द्रोणागिरीचा डोंगर हळूहळू मोठा होत जातो. करंजाहून रिक्षाने उरणमार्गे मोऱ्याला या आणि तिथून मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याची लाँच घ्या. एका दिवसात तीन बोटी होतात, आणि तिन्हींचं मिळून भाडं यॉटच्या एका तासापुढे काहीच नाही.

ग्यानबाची मेख मोऱ्याला आहे. तिथे बंदरात गाळ भरलाय, मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागूच शकत नाही आणि फेऱ्या काही तास बंद ठेवतात. म्हणून सकाळची ओहोटी तुम्ही मांडवा-रेवसच्या किनाऱ्यावर काढायची आणि दोन ते चारच्या दरम्यान, पाणी भरलेलं असताना मोऱ्याला पोचायचं. त्यातूनही चुकामूक झाली तर जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आली आहे, अडकून पडणार नाही. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर मासळीच्या वासाने मुलगा नाक दाबेल, दाबू द्या. हा धक्का लक्ष्मण अजिंक्य यांच्या नावाचा, त्यांनाच लोक भाऊ म्हणत. सगळ्यात जवळचं स्टेशन हार्बर लाइनवरचं डॉकयार्ड रोड.

मंगळवारी घारापुरी, आईंसकट. पहिल्या लाँचने, नवाच्या आसपास निघा. दुपारनंतर वारा उठतो आणि लाँच चांगलीच डोलते, सकाळचं पाणी त्या मानाने निवांत असतं. पण मंगळवारी त्या वेळी ओहोटी असेल, तेव्हा गेटवेच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात आणि त्यांवर हिरवं शेवाळ असतं. लाँचा एकीला एक लागून उभ्या असतात, त्यामुळे कधी कधी एक लाँच ओलांडून आपल्या लाँचमध्ये जावं लागतं. खलाशी हात पुढे करतो. आईंना सांगा, त्याचे पंजे धरू नका, त्याला तुमचं मनगट धरू द्या. आणि लाँच वर येत असताना पाऊल टाकायचं, खाली जाताना नाही. तो 'चला' म्हणेपर्यंत थांबायचं. चप्पल मागे पट्टा असलेली हवी.

आत गेल्यावर आईंना खालच्या मजल्यावर मध्यापासून थोडं मागे बसवा, तिथे हेलकावा कमी लागतो. वर बसायचे जास्तीचे थोडे पैसे बोटीतच मागतात, ते तुम्ही आणि मुलाने द्या, पण टोपीला बंद हवा. डिसेंबरातलं कोवळं ऊन पाण्यावर फसवतं: वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि रात्री नाक सोलायला लागतं. सुटल्यावर मागे वळून बघा. ताज १९०३ चं आणि गेटवे १९२४ चं, म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ जहाजाने येणाऱ्याला ताजच आधी दिसायचं, कमान नव्हतीच. पुढे नौदलाची गोदी लागते, तिचे फोटो काढायला मनाई आहे. मग तेलाची जहाजं लागतात ते जवाहर द्वीप. थंडीत कुरव पक्षी लाँचच्या मागे लागतात आणि लोक त्यांना गाठ्या आणि वेफर्स फेकतात. मुलाचा हट्ट होईल, तरी देऊ नका. तो काही त्यांचा खाऊ नाही, आणि रिकामं पाकीट शेवटी समुद्रातच जातं.

बेटावर जेटीपासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. नंतर शंभरावर पायऱ्या. आईंसाठी डोली मिळते, भाव आधी ठरवा आणि जाऊन-येऊन मिळून ठरवा. खाण्याची पिशवी हातात उघडी ठेवू नका, माकडं सोडत नाहीत. लेण्यांविषयी इथे लिहीत बसत नाही. एवढंच सांगतो की सदाशिवासमोर गर्दी असली तर आधी कडेची शिल्पं बघा, अर्धनारीश्वर आणि गंगावतरण, आणि गर्दी ओसरली की परत या. वेळ असला तर गावातही चक्कर मारा. समुद्राखालून केबल टाकून या बेटावर कायमची वीज आली ती २०१८ साली. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, आणि मुंबईचा झगमगाट समोर दिसायचा. दुपारी एक-दीडपर्यंत परतीची लाँच धरा.

लाइफ जॅकेट मिळालं की घाला, बाजूला ठेवून बसू नका. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून १५ जणांचा जीव गेला. मुलाच्या मापाचं जॅकेट मागून घ्या, मोठं असलं तर ते पाण्यात वर सरकतं.

बुधवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घ्या. आईंसाठी ही सगळ्यात सोयीची: रॅम्पवरून सरळ चालत आत, उडी नाही की पायरी नाही, आणि गाडी केली असेल तर तीही सोबत नेता येते. बोट मोठी, त्यामुळे डोलणंही कमी. सकाळची पहिलीच फेरी पकडा, कारण त्या दिवशी ओहोटी साडेदहाच्या आसपास आहे आणि अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. चालणं होत नसेल तर किनाऱ्यावरून घोडागाडी जाते. आत गणपतीचं देऊळ आहे आणि चहूकडे खारं पाणी असूनही गोड्या पाण्याची सोय आहे. साडेअकरा-बाराच्या आत परत किनाऱ्यावर या. पाणी भरायला लागलं की ते वाट बघत नाही. जवळचा खांदेरी जलदुर्ग या फेरीत बसणार नाही. थळहून कोळ्यांच्या होडीने जावं लागतं आणि चढ-उतार आईंना झेपणारा नाही. पण शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेला हा किल्ला आता जागतिक वारशाच्या यादीत आहे, पुढच्या वेळी त्यासाठी वेगळा दिवस काढा.

जुलैच्या सुट्टीत परत यायचा विचार आहे असंही लिहिलंत. पावसात मांडव्याच्या कॅटामरान बंद असतात. रो-रो चालते, तीही हवा बघून. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' १७ जुलै १९४७ ला बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. गटारी अमावास्येचा दिवस होता, लोक सणाला घरी निघाले होते. अलिबाग-उरणच्या जुन्या घरांतून ही गोष्ट अजून सांगतात. तेव्हा पावसाळ्यात मुंबई किनाऱ्यावरूनच बघा.

एखादा दिवस वाढवता आला तर दोन पर्याय आहेत. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोट जाते. फ्लेमिंगो डिसेंबरात यायला लागलेले असतात, खरी गर्दी जानेवारीनंतर. तिथल्या फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, आधी आरक्षण करा. दुसरा पर्याय मार्वे-मनोरीची फेरीबोट, पाच-दहा मिनिटांची. पलीकडे थंडीत बोंबील सुकायला घातलेले दिसतात: दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि ती दोरीवर टाकतात, गाठ नाही की आकडा नाही. मुलाला हे लेण्यांपेक्षा जास्त आठवेल अशी माझी पैज.

राहायला कुठे उतरताय ते लिहा. बोरिवली-मालाडकडे असाल तर मनोरी सकाळीच उरकता येईल, पण मग सोमवारच्या फेरीसाठी गेटवे गाठायला पहाटेची लोकल धरावी लागेल.