टीसी, अटेंडंट, पोलीस : गाडीत कोणाकडे काय मागायचं

अनेक आशीर्वाद.

दिवसभराच्या गाडीला पहिल्यांदाच एकटी निघतेस, म्हणून हे लिहितो आहे. गाडीत रेल्वेची माणसं बरीच भेटतील, पण प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. एसी गार होत नाही म्हणून पाणीवाल्यावर चिडून उपयोग नाही, आणि रिकामा बर्थ अटेंडंट देऊ शकत नाही.

सगळ्यात जास्त संबंध येतो तो टीसीशी. तो जवळ येण्याआधी तिकिटाचा मेसेज आणि मूळ ओळखपत्र काढून ठेव. ई-तिकिटावर झेरॉक्स चालत नाही. ओळखपत्र नसेल तर तू विनातिकीट धरली जातेस. बऱ्याच गाड्यांत त्याच्या हातात आता कागदी चार्टऐवजी छोटं यंत्र असतं. तू जागेवर दिसली नाहीस की त्यात गैरहजेरी लागते आणि बर्थ आरएसीवाल्याला, म्हणजे अर्धी जागा मिळालेल्या प्रवाशाला, जातो. पुण्याहून आरक्षण करून दौंडला चढणारे इथेच फसतात. तसं करायचं असेल तर तिकिटावरचं बोर्डिंग स्टेशन, म्हणजे चढायचं स्टेशन, आधीच बदलून घे. आणि चढल्यावर टीसी येऊन जाईपर्यंत दुसऱ्या डब्यातल्या मैत्रिणीकडे जाऊन बसू नकोस.

तिकिटात काही चूक निघाली तर आवाज चढवू नकोस, हिशेब विचार. भाडं द्यावं लागतं, वर दंड. दंड किमान 250 रुपये, आणि भाडं त्याहून जास्त असेल तर भाड्याइतका. पैसे दिलेस की पावती घे. तिच्यावर कुठून कुठपर्यंत आणि किती रक्कम हे त्याच्यासमोरच वाच. पावती नसेल तर पुढच्या स्टेशनवर बदलून आलेला टीसी पुन्हा पैसे मागेल, आणि ते त्याचं बरोबरच असेल.

हे मात्र पक्कं लक्षात ठेव. रेल्वे कायदा 1989, कलम 139 : सोबत पुरुष नसलेल्या बाईला, तिकीट नसलं तरी, अधल्यामधल्या स्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून ती निघाली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, एवढ्याच ठिकाणी, आणि तेही दिवसाउजेडी. कोणी अंधारात उतरायला सांगितलं तर शांतपणे हे कलम सांग आणि मदतीला फोन लाव. योगायोगानं रेल्वेचा मदत क्रमांकही 139 च आहे.

त्या फोनवर तिकिटावरचा पीएनआर क्रमांक, डबा आणि बर्थ क्रमांक लागतो. तिकडून तक्रार क्रमांक मिळतो, तो लिहून ठेव. एसी बंद पडला तर आधी अटेंडंटला सांग. दुरुस्त झालाच नाही तर टीसीकडून तसं प्रमाणपत्र घे आणि उतरल्यापासून 20 तासांच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भर, नाहीतर परतावा हातचा जातो.

सामान चोरीला गेलं तर प्रवास सोडून उतरायची गरज नाही. तक्रारीचा छापील फॉर्म टीसीकडे किंवा गार्डकडे असतो. तो भरून दे, पुढे गुन्हा नोंदवण्याचं काम लोहमार्ग पोलिसांचं. बॅगेचा रंग, कंपनी, आत काय होतं आणि शेवटचं कोणत्या स्टेशनला पाहिलं, हे त्यात नीट लिही. नुसतं ‘काळी बॅग’ लिहून शोध लागत नाही.

उतरल्यावर हमाल केलास तर ओझं डोक्यावर जाण्याआधी दर ठरव. फलाटावर दरफलक असतो, आणि त्याच्या दंडावरच्या पितळी बिल्ल्याचा क्रमांक एकदा वाचून ठेव.

पोचलीस की कळव.