जंगलात अडकलेलं पोकलेन आणि व्हॉट्सॲपवरचा एक अंगठा

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका वाचकांचा लांबलचक मेल आलाय. थोडक्यात असं, की त्यांनी आपलं वीस टनी पोकलेन एका कंत्राटदाराला भाड्यानं दिलं, वीज लाईनच्या टॉवरचं फाउंडेशन खोदायला, चोरलच्या बाजूच्या जंगलात. मागच्या उन्हाळ्यात नाल्यात ह्यूम पाइप टाकून वर मुरूम पसरून तात्पुरता रपटा, म्हणजे नाला ओलांडायची वाट, केली होती, त्यावरून मशीन आत गेलं. पावसात पाइप वाहून गेले, काम संपलं, कंत्राटदार आपली माणसं घेऊन चालता झाला आणि मशीन नाल्यापलीकडे उभंच. भाड्याची शेवटची बिलं बाकी. जानेवारीत वनविभागाच्या रेंज ऑफिसचं पत्र आलं की १५ दिवसांत मशीन हटवा, ते यांनी कंत्राटदाराला फॉरवर्ड केलं आणि गप्प बसले. आता ऑपरेटर म्हणतोय की वरच्या अंगानं आठ-दहा साग काढले की सरळ रस्ता निघतो, दोन रात्रींचं काम. विचारलंय की असं केलं तर जास्तीत जास्त दंड किती बसेल आणि खर्च कोणाकडून वसूल करायचा.

असले प्रश्न उन्हाळा लागला की येतातच, कधी जेसीबी, कधी बोरिंगची गाडी, आणि सगळ्यांना जाग येते ती पाऊस दोन-अडीच महिन्यांवर आला की.

झाड तोडणं गुन्हा आहे हे तुम्हाला माहीत आहे, नाहीतर रात्रीचा विषयच निघाला नसता, तेव्हा त्यावर मी काही लिहीत नाही. दंडाचा हिशेब करताय तिथंच तुम्ही चुकताय. दंड भरून माणूस मोकळा होतो, पण इथं जाणार आहे ते मशीन.

भारतीय वन अधिनियम १९२७, कलम ५२. हे पुण्या-मुंबईच्या वकील मित्राला विचारू नका, महाराष्ट्राची तरतूद वेगळ्या कलमांत आहे. मध्य प्रदेशानं १९८३ च्या दुरुस्तीनं ५२ आपल्यापुरतं बदलून घेतलंय आणि चांगलंच कडक केलंय. वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारं, गाडी, मशीन जप्त होतं, मग प्राधिकृत अधिकारी, म्हणजे साधारणपणे एसडीओ फॉरेस्ट (वनविभागाचा उपविभागीय अधिकारी), ते राजसात, म्हणजे सरकारजमा, करायची कारवाई सुरू करतो आणि तशी सूचना मॅजिस्ट्रेटला पाठवतो. ती सूचना कोर्टात पोचली की कलम ५२-सी लागतं, आणि मशीनचा ताबा कोणाला द्यायचा हे ठरवायचा मॅजिस्ट्रेटचा अधिकारच संपतो. "सुपुर्दनाम्यावर (कोर्टाला हमी लिहून देऊन) सोडवून घेऊ" असं जे तुम्हाला कोणीतरी सांगितलंय ना, ते चोरीच्या मोटरसायकलला ठीक आहे. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशाच्याच एका केसमध्ये हे स्पष्ट केलंय की सूचना गेल्यावर मॅजिस्ट्रेट गाडी सोडू शकत नाही. फौजदारी केस आपल्या गतीनं चालते (गती म्हणतोय, तारखा पाहिल्यात तर तो शब्द वापरणार नाही), राजसातची कारवाई वेगळी चालते, आणि तोवर मशीन डेपोच्या आवारात उन्हापावसात उभं, होज तडकतायत, सील सुकतायत, उंदीर वायरिंग खातायत, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला बरोबर कापला जातोय.

आता ज्या ओळीवर तुमचं सगळं अवलंबून आहे ती. कलम ५२ चं पोटकलम ५. मालकाला सुटायला तिथं एकच फट ठेवलीय: मशीन माझ्या माहितीशिवाय आणि संगनमताशिवाय वापरलं गेलं, आणि तसं होऊ नये म्हणून मी वाजवी ती सगळी खबरदारी घेतली होती. हे सिद्ध मालकानं करायचं, विभागानं नाही. आणि माहिती नुसती मालकाची मोजत नाहीत, त्याच्या नोकराची किंवा एजंटचीही मोजतात. ऑपरेटर तुमच्या पगारावर आहे. लीव्हरवर बसून त्यानंच झाड पाडलं तर त्याला माहीत नव्हतं असं कोण म्हणणार, आणि त्याला माहीत होतं म्हणजे तुमचा बचाव तिथंच संपला, तुम्ही त्या रात्री घरी झोपलेले असलात तरी.

तुमच्या बाबतीत तर घरी झोपल्याचाही आधार उरलेला नाही. मेलला ऑपरेटरचा व्हॉइस नोट जोडलाय तुम्ही, "भैया, आठ-दस सागौन हटाने पड़ेंगे, फिर निकल जाएगी", आणि खाली स्क्रीनशॉटमध्ये तुमचा होकाराचा अंगठा. हा अंगठा उद्या एसडीओसमोर ठेवला तर "मला माहीत नव्हतं" हे वाक्य तुमच्या तोंडून निघणार कसं? लोक पाच हजाराच्या उधारीला स्टँप पेपर करतात आणि पन्नास लाखाच्या मशीनवर अंगठा देऊन जेवायला बसतात, ह्याला काय म्हणावं.

डिलीट करू नका. ऑपरेटरच्या फोनमध्ये तो आहेच, आणि पुरावा पुसला हे एक जास्तीचं लचांड मागे लागेल. आज, हा मजकूर वाचून झाल्यावर लगेच, त्याच चॅटमध्ये हिंदीतच लिहा की एकही झाड कापायचं नाही, फांदीही नाही, विभागाची लेखी परवानगी हातात येईपर्यंत मशीन स्टार्ट करायचं नाही. त्याच्याकडून "ठीक है" असं उत्तर घ्या. मग चावी परत मागवा. आणि हेच सगळं कागदावर लिहून त्याची सही घ्या, तारखेसकट. पोटकलम ५ मधली खबरदारी म्हणजे असले कागद, नुसता चांगला हेतू नव्हे. जुना अंगठा ह्यानं पुसला जाईल असं मी म्हणत नाही, पण काहीही घडण्याआधी तुम्ही थांबवलंत हे तरी दिसेल.

दुसरं, ते जानेवारीचं पत्र. तुम्ही ते धमकी समजून फोनमध्ये पुरून टाकलंत. मी वाचलं, "पुराने मार्ग से, वृक्षों को क्षति पहुँचाए बिना, बीट गार्ड की उपस्थिति में". अहो, हे तर तुमच्या फायद्याचं पत्र आहे! विभाग स्वतः सांगतोय की काढा, कुठून काढा आणि कोणाच्या देखत काढा. ह्याला उत्तर त्याच आठवड्यात गेलं असतं तर हिवाळ्यात कोरड्या नाल्यातून मशीन बाहेर आलं असतं. १५ दिवस कधीच संपलेत, आता आधी मुदतवाढ मागावी लागेल आणि मुदत का हुकली हे लिहावं लागेल. तिथं काय लिहायचं हे जरा जपून, त्याबद्दल खाली सांगतो.

अर्ज रेंजरच्या टेबलावर ठेवून येऊ नका. "रेंजर साहेब बोले ले जाओ" हे चार लोकांनी ऐकलं असलं तरी बदली झाल्यावर त्याची किंमत शून्य. मूळ अर्ज वनमंडलाधिकाऱ्यांच्या (डीएफओंच्या) नावे, नवरतन बागेतल्या त्यांच्या ऑफिसात आवक शाखेत देऊन पोच घ्यायची, शिक्का आणि आवक नंबरसकट, प्रत रेंज ऑफिसला. त्यात कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याचा नंबर), मशीनचा सिरियल नंबर, कोणत्या वाटेनं, कोणत्या तारखांना, दिवसाउजेडी, ट्रेलरचा नंबर, नाल्यावर तात्पुरते पाइप कोण टाकणार आणि काम झाल्यावर कोण उचलणार, हे सगळं. चेनच्या मशीनला सहसा आरसी नसतं, म्हणून मालकी दाखवायला मूळ खरेदी बिल आणि बँकेचं हायपोथिकेशनचं (मशीन कर्जाला तारण असल्याचं) पत्र जोडा. तुम्ही लिहिलंय की बिल "कुठंतरी असेल". शोधा. डीलरकडून डुप्लिकेट काढा. मशीन तुमचं आहे हेच कागदावर नसेल तर पुढचं सगळं कोणाच्या नावानं मागायचं?

शक्य असेल तर हा अर्ज वीज लाईन ज्यांची आहे त्या एजन्सीमार्फत जाऊ दे. जंगलात काम करायची मंजुरी १९८० च्या वन संरक्षण कायद्याखाली (२०२३ मध्ये त्याचं नाव बदललं, काम तेच) त्यांच्या नावानं आहे, तुमच्या कंत्राटदाराच्या नाही. इथं एक गोष्ट कागद पाहिल्याशिवाय मी ठामपणे सांगू शकत नाही: तो नाल्यावरचा रपटा मंजुरीच्या नकाशात होता, की कंत्राटदारानं आपल्या मनानं काढला? नकाशात असेल तर तुमचं काम बरंच सोपं. नसेल तर त्या वाटेवर तुमचं मशीन आधीच चाललेलं आहे, आणि मुदतवाढीच्या अर्जात "आमच्याच मशीनने रस्ता बनवला होता" असं भोळेपणानं लिहिलंत तर स्वतःच्या हातानं कबुली दिल्यासारखं होईल. म्हणून मसुदा पाठवायच्या आधी मला किंवा तुमच्या नेहमीच्या वकिलाला दाखवा. जंगल आरक्षित आहे, संरक्षित आहे की तो आपल्याकडचा नारंगी क्षेत्राचा (जमीन वनविभागाची की महसूलची हा वाद असलेल्या भागाचा) घोळ आहे, ह्यावरही थोडं बदलतं, पण परवानगी तिन्हीकडे लागेलच असं धरून चाला.

परवानगी मिळाली तरी एक सांभाळा. मशीन चिखलात बसलं की ऑपरेटर लोकांचा हात सवयीनं जवळच्या झाडाकडे जातो, दोन ओंडके चेनखाली टाकले की निघतं, आणि खड्डा पडला की बाजूचाच मुरूम बकेटनं ओढायचा. दोन्ही नको. जंगलातली माती, मुरूम, दगड हीसुद्धा कायद्यानं वनोपज (जंगलाचं उत्पन्न) आहे, झाडाचं खोड तर आहेच, आणि वनोपज सरकारची नाही हे सिद्ध करणं कलम ६९ प्रमाणे तुमच्यावर. लोखंडी प्लेटा भाड्यानं घेऊन जा, त्यांचं बिल बरोबर ठेवा. जुने लाकडी स्लीपर नेऊ नका, परत येताना नाक्यावर लाकडाचे कागद मागतील. चेनची पिन जाम झाली म्हणून गॅस कटर लावायचा असेल तर तेही अर्जात लिहा. १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा हंगाम धरतात, ठिणगी उडाली तर दुसरीच केस. निघताना जिथून निघालं तिथपासून ट्रेलरवर चढेपर्यंत सलग व्हिडिओ काढा, आजूबाजूची झाडं उभी दिसली पाहिजेत, आणि बीट गार्डच्या देखत पंचनामा करून त्याची प्रत मागा. देतीलच असं नाही, मागितल्याची नोंद राहू दे.

आणि इतकं सांगूनही जप्ती झालीच, तर नोटिशीला उत्तर देताना वेळ घालवू नका. राजसातचा आदेश निघाला की कलम ५२-ए खाली वनसंरक्षकांकडे अपील, ३० दिवसांत, आणि अपिलाबरोबर आदेशाची प्रमाणित नक्कल लागते, तेव्हा आदेश कळला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. त्यानंतर सेशन कोर्टात रिव्हिजन, तिथंही ३० दिवस. लोक हे ३० दिवस "साहेबांशी बोलणं चाललंय" ह्यात घालवतात आणि मग हायकोर्टात धावतात. हायकोर्टाचं दार बंद आहे असं नाही, पण अपील न करता आलात तर पहिला प्रश्न तोच विचारतील.

पैशाचं थोडक्यात, कारण त्यात अवघड फारसं नाही. तुमच्या व्हॉट्सॲप कोटेशनमध्ये "आना-जाना पार्टी का" लिहिलंय आणि कंत्राटदारानं खाली "ओके" केलंय. बाहेर काढायचा खर्च त्याचा, माझ्या मते ह्यावर वाद घालायला त्याला जागा कमी आहे. त्याचा वकील म्हणेल की पाइप पावसानं नेले, आमचा काय दोष. म्हणू दे, पावसाळा येणार हे माळव्यात कोणाला माहीत नसतं? उभ्या मशीनचं महिनोन्महिन्याचं भाडं मात्र पूर्ण मिळेल ह्या आशेवर राहू नका. करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये हे बघतात की नुकसान कमी करायला तुम्ही स्वतः काय केलं, आणि जानेवारीपासून तुम्ही केलंय काय, तर एक फॉरवर्ड. कंत्राटदाराला नोटीस ह्याच आठवड्यात स्पीड पोस्टानं पाठवा, खर्चाचा आकडा नंतर कळवू असं लिहून. दाव्याची मुदत ३ वर्षं आहे, ती काही लगेच संपत नाही, पण कमर्शियल कोर्टात जावं लागलं तर आधी मीडिएशनची पायरी लागू शकते, तिथं महिने जातात. उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) काम घ्यायच्या आधीचं असेल तर ते सर्टिफिकेटही काढून ठेवा, दुसरा एक जवळचा रस्ता निघू शकेल, पण तो तुमच्या कामाला लागू होतो का हे पाहावं लागेल.

ज्या फोनमध्ये हे कोटेशन आहे तो विकू नका, फॉर्मॅट करू नका. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम (पुराव्याचा कायदा) लागू आहे, त्याच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, सर्टिफिकेट जोडल्याशिवाय स्क्रीनशॉटच्या प्रिंटा कोर्ट वाचत नाही, आणि ते द्यायला मूळ फोन हाताशी असलेला बरा.

जानेवारीच्या पत्राची दोन्ही पानं स्कॅन करून पाठवा, मेलमध्ये पहिलंच आलंय. कक्ष क्रमांक बहुतेक दुसऱ्यावर असेल.